दुभाष्याशेजारची खुर्ची

गेल्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत आमच्या मंडळातल्या एका काकूंनी मला विचारलं, "तू त्या अमेरिकन लोकांच्या बोर्डावर आहेस म्हणे. काय देतात?"

मी म्हटलं, काही देत नाहीत.

"पगार नाही, ठीक आहे. पण गाडीच्या गॅसचे तरी?"

तेही नाही. उलट वर्षातून एकदा आपणच देणगी द्यायची असते आणि मीटिंगला आळीपाळीने केक न्यायचा असतो. काकूंनी माझ्या ताटात एक मोदक जास्त वाढला आणि मागे वळून दुसऱ्या काकूंना म्हणाल्या, "लग्न व्हायचंय ना अजून, वेळ आहे पोरीकडे."

या अंकाचे संपादक तेव्हा तिथेच ताट घेऊन उभे होते. तू याच्यावरच लिही, म्हणाले. फुकट काम करायला ही माणसं का येतात ते लिही. मी हो म्हटलं आणि नंतर त्यांचे फोन टाळत राहिले. एक तर माझं शिक्षण नाशिकला कॉन्व्हेंटमध्ये झालं. आईबाबांबरोबर इकडे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि तोवर मराठी लिहायची वेळ फक्त आजीच्या पत्रापुरतीच यायची. दुसरं कारण असं, की या विषयावर खरं लिहायचं तर ते माझ्याबद्दल चांगलं निघत नाही. ज्या बाईची ही गोष्ट आहे तिला पत्र पाठवून विचारलं आहे. नाव बदला आणि लिहा, असं तिने कळवलं. नावं बदलली आहेत, गावंही थोडी इकडची तिकडे केली आहेत.

कॉलेज संपल्यावर मला पहिली नोकरी लागली ती एका कुटुंब सेवा संस्थेत. जुन्या तीनमजली लाकडी घरात ऑफिस होतं. नवराबायकोचं पटत नाही, मुलगी घरातून निघून गेली, म्हाताऱ्या वडिलांना एकटं ठेवता येत नाही, अशी कामं घेऊन लोक तिथे यायचे. समाजसेविका त्यांच्याशी दार लावून बोलायच्या. ज्याला जमेल तेवढी फी, नाही जमली तर नाही. माझं काम फोन घेणं, टायपिंग करणं आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी बोर्डाच्या मीटिंगचं इतिवृत्त लिहिणं. संस्थेच्या संचालिका मार्गरेट साठीला आलेल्या होत्या. सगळे त्यांना नुसतं मार्गरेट म्हणायचे. मला ते तोंडातून निघेना. त्यांना हाक मारायची वेळ आली की मी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायचे. अशी काही वर्षं काढली.

बोर्ड म्हणजे काय हे मला तिथेच कळलं. आपल्याकडे मंडळाची कार्यकारिणी असते तसंच, पण एक मोठा फरक आहे. कार्यकारिणी स्वतः खुर्च्या मांडते, पोहे करते, माइक बंद पडला की एकमेकांवर ओरडते. बोर्ड यातलं काही करत नाही. बारा माणसं महिन्यातून एकदा येतात, संचालिका नीट काम करते का बघतात, देणग्या मिळवतात, नियम ठरवतात आणि संस्थेचं काही चुकलं तर कायद्याने तेच जबाबदार असतात. मदतीला आलेल्या माणसांशी मात्र त्यांचा संबंध नसतो. एखादी केस बोर्डापुढे आलीच तर फक्त नंबराने येते. गाव लहान आहे. आपल्या दुकानात रोज येणाऱ्या बाईचं घर कसं चाललंय हे दुकानदाराला बोर्डावर बसून कळता कामा नये.

इतिवृत्त लिहायचीही एक रीत होती. कोण काय म्हणालं ते लिहायचं नाही, काय ठरलं ते लिहायचं. दोघं हमरीतुमरीवर आले तर 'सविस्तर चर्चा झाली'. कोणी उठून निघून गेलं तर 'श्री. अमुक यांनी लवकर रजा घेतली'. हे मला फार लवकर जमलं. मार्गरेट म्हणायच्या, तुझ्याइतकं सभ्य इतिवृत्त आजवर कोणी लिहिलं नव्हतं.

संस्थेचं एक माहितीपत्रक दरवर्षी निघायचं. त्यात बोर्डावरच्या प्रत्येकाचा फोटो आणि खाली तीन ओळी: मी इथे का काम करतो. त्या ओळी गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. सगळे जवळजवळ तेच लिहून द्यायचे. कुटुंब सबळ तर गाव सबळ. समाजाने दिलं ते समाजाला परत. पण कागद हातात देऊन कोट चढवताना माणसं दुसरंच काही बोलायची. मी कमी बोलते, त्यामुळे समोरचे जास्त बोलतात असा माझा अनुभव आहे.

मिसेस बूशे नावाच्या एक विधवा बाई होत्या. मीटिंगमध्ये त्या हमखास डुलक्या घ्यायच्या. त्या मला म्हणाल्या, साडेपाचला माझा नवरा कारखान्यातून घरी यायचा. आता साडेपाचला घरात थांबवत नाही. महिन्यातला एक मंगळवार तुमच्याकडे, बाकीचे चर्चमध्ये. हे छापू नकोस.

वॉल्टर बँकेत मोठे अधिकारी होते. टाय, मोजकं बोलणं. त्यांची मुलगी सतराव्या वर्षी घर सोडून गेली होती. ती या संस्थेच्या संपर्कात होती. वर्षभर दर शुक्रवारी संस्थेतली एक बाई वॉल्टरना फोन करायची आणि एवढंच सांगायची: ती जिवंत आहे, बरी आहे. कुठे आहे ते सांगायची नाही. वॉल्टर रागावले, वकिलाची धमकी दिली, एकदा फोनवर रडले. त्या बाईने सांगितलं नाही. दीड वर्षाने मुलगी स्वतःहून घरी आली. हातमोजे घालत वॉल्टर मला म्हणाले, "मला ती बाई तेव्हा अजिबात आवडत नव्हती. आता ती अशीच कोणालाही काही न सांगणारी राहावी, म्हणून मी येतो."

आणि बोर्डावर एक मराठी डॉक्टर होते. त्यांना मी इथे नुसतं काका म्हणते. प्रत्यक्षातही तेच म्हणते. हाडांचे डॉक्टर, या भागात सगळ्यांच्या आधी आलेले. आम्ही आलो त्या हिवाळ्यात आम्हा तिघांचे कोट त्यांच्या घरून आले होते. बाबांना गाडीचं लायसन्स काढायला तेच घेऊन गेले. विद्यार्थी येणार असला की एअरपोर्टवर काका. माझी नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागली. त्यांच्या तीन ओळी घ्यायला गेले तेव्हा त्यांनी दार ओढून घेतलं आणि मराठीत म्हणाले, "नीलू, त्या पेपरवर काय हवं ते टाक. खरं सांगू? उद्या आपल्यातलं कोणी अडचणीत आलं तर आत आपला एक माणूस असावा. बाकी या लोकांना आपली घरं काय कळणार?"

मला ते फार आवडलं. बारा जणांत सगळ्यांत खरं कारण हेच, असं मला वाटलं.

नोकरीच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी एक अमेरिकन बाई एका मुलीला गाडीत घालून ऑफिसमध्ये घेऊन आली. त्या मुलीला मी कुसुम म्हणते. माझ्याच वयाची असेल. साडीवर पुरुषी जाकीट, पायात नवऱ्याचे बूट, खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेली पाच-सहा महिन्यांची मुलगी. शेजारीण सांगत होती, की काल आणि परवा ही दिवसभर बिल्डिंगच्या तळघरात, कपडे धुवायच्या मशीनच्या खोलीत बाळाला घेऊन बसली होती. ड्रायर चालू असतात म्हणून तिथे ऊब असते. हिला इंग्रजी येत नाही, काय झालंय कळत नाही.

फॉर्म घेऊन मी कॉरिडॉरमध्ये गेले. कुसुमने माझ्या वेणीकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही मराठी का?"

मी म्हटलं, "एक्स्क्यूज मी?"

तेही कष्टाने कमावलेल्या अमेरिकन उच्चारात. तिने मान खाली घातली. मी फॉर्म बाकावर ठेवून परत आले.

हे का केलं, त्याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. नियम, गुप्तता, नोकरी. खरं एवढंच आहे, की कॉरिडॉरमध्ये तेव्हा ऑफिसातल्या दोघी उभ्या होत्या आणि नवऱ्याच्या बुटांतल्या त्या मुलीची मी कोणी लागते असं त्यांना दिसायला मला नको होतं.

समाजसेविकेचं नाव कॅरल. कुसुमच्या हॉस्पिटलच्या कार्डावर भाषा मराठी असं लिहिलेलं पाहून तिने मला विचारलं, तुला येते का? मी म्हटलं, थोडीफार, अशा बोलण्याइतकी चांगली नाही. घरी त्या दिवशी सकाळीच आईशी चहावर तासभर मराठीत बोलून मी निघाले होते. मीच पुढे सुचवलं, बोर्डावरच्या डॉक्टरांना बोलवा. दुभाषे तेव्हा मिळायचे नाहीत. पोर्तुगीजला एक बाई होत्या, बाकी ज्याला येईल तो. कॅरलने फोन केला. काका पेशंट सोडून पाऊण तासात आले.

खोलीत आम्ही चौघं होतो. कॅरलला कुसुमच्या चेहऱ्याकडे लक्ष द्यायचं होतं म्हणून टिपणं घ्यायला तिने मला बसवलं. माझी खुर्ची काकांच्या शेजारी होती.

कुसुम आधी बोलेना. मग काकांनी गाव विचारलं, सासर-माहेर विचारलं, आणि ती बोलायला लागली. म्हणाली, घराची चावी तिला दिलेली नाही. नवरा सकाळी जाताना सांगतो, बाहेर पडलीस तर दार लागेल. परवा कचरा टाकायला गेली आणि दार लागलं. तो संध्याकाळी आल्यावर त्याने दार उघडलं नाही. आतून म्हणाला, बाहेर राहायची हौस आहे ना, राहा. दोन तासांनी घेतलं. काल त्यानेच सकाळी बाहेर ठेवलं. पासपोर्ट त्याच्याकडे, माहेरची पत्रं तो आधी वाचतो. मारतो का, असं कोणी विचारलं नव्हतं तरी तिने जाकिटाची बाही वर केली, दाखवलं आणि खाली केली. मग काकांना नाही, कॅरलला, मराठीतच म्हणाली, "मला परत पाठवू नका."

काका कॅरलकडे वळले. मग त्यांनी इंग्रजीत सांगितलं, की हिला नव्या देशात जुळवून घेणं जड जातंय. एकटं वाटतं. बाळंतपणानंतर असं होतं. चावीवरून दोघांत काही गैरसमज झालाय. भारतीय बायकांची ओळख झाली तर बरं होईल.

कॅरलने विचारलं, आणि हातावर ते काय आहे? नवऱ्याबद्दल हिची काही तक्रार आहे का ते विचारा.

काकांनी ते विचारलं नाही. ते कुसुमकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "हे बघ बाळ, ही माणसं ऐकतात ते सगळं लिहून ठेवतात. मग पोलीस, मग कोर्ट. मुलगी काढून घेतात, परक्या घरी ठेवतात. मी बघितलंय. तुझ्या नवऱ्याला मी ओळखतो, मी बोलतो त्याच्याशी. आज घरी चल."

आणि कॅरलला म्हणाले, तक्रार नाही. बाळाचं करताना भाजलं असेल. चांगल्या घरातला मुलगा आहे.

मी लिहिलं. 'क्लायंटला एकटेपणा जाणवतो. जुळवून घेण्यात अडचण. पतीविरुद्ध तक्रार नाही.' पेन एकदाही अडखळलं नाही. कॅरल माझ्याकडे बघत होती. आपण जे ऐकतोय त्यात काहीतरी कमी आहे हे तिला कळत होतं, आणि ते मी सांगू शकेन अशी तिला किंचित आशा असावी. मी वहीत पाहत राहिले.

काका उठले, कोट घातला. कुसुमला स्वतःच्या गाडीने घरी सोडणार होते. दारात थांबून, सवयीने, मला म्हणाले, "नीलू, आईला सांग शनिवारी येतो आम्ही. आणि लिंबाचं लोणचं काढून ठेव म्हणावं."

मी म्हटलं, "हो काका."

कुसुमने काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग बाळाचं दुपटं सारखं करून ती त्यांच्यामागे गेली.

काकांनी खरंच नवऱ्याला घरी बोलावलं, जेवू घातलं, समजावलं. चावीची एक प्रत स्वतः करून आणली. ऑफिसमध्ये फोन करून मला म्हणाले, मिटलं. कॅरलने कुसुमला दोन पत्रं पाठवली, दोन्हींना नवऱ्याने इंग्रजीत नम्र उत्तर दिलं, सगळं ठीक आहे, आभार. केस बंद झाली. बंद करायचा कागद मीच टाइप केला. दिवाळीच्या कार्यक्रमात ती दोघं आली. कुसुम छान पैठणी नेसली होती. काका माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बघ. कोर्टात गेली असती तर आज ही असती का इथे?" मी मान हलवली. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही इथे लिहायला हवं. कुसुम माझ्यासमोरून तीनदा गेली. तिने मला ओळख दिली नाही. मी तिला दिली नव्हती, त्याच रीतीने.

पुढे त्याला शॉमबर्गला नोकरी लागली आणि ती दोघं इलिनॉयला गेली.

दोन वर्षांनी शॉमबर्गहून एका वकीलबाईंचं पत्र आलं. कुसुम मुलीला घेऊन घराबाहेर पडली होती. नवऱ्याने मुलीचा ताबा मागितला होता. त्याचं म्हणणं, हिचं डोकं ठिकाणावर नाही, बाळंतपणापासूनच, आणि माझ्याबद्दल हिने कधी कुठे तक्रार केलेली नाही. वकीलबाईंना आमची फाइल हवी होती. कुसुमने त्यांना सांगितलं होतं, की मॅसॅच्युसेट्सला एका ऑफिसात मी सगळं सांगितलंय, तिथे लिहिलेलं असेल. खाली संमतीची सही होती. देवनागरीत.

फाइल काढून कॉपी मशीनपाशी मी गेले. माझ्या टिपणाचं पान वर होतं. नवऱ्याला जे हवं होतं ते सगळं माझ्या सुवाच्य अक्षरात तिथे होतं: एकटेपणा, अडचण, तक्रार नाही. कॉपी काढून पाकिटात घातली असती तर माझं काम संपलं असतं. मागितलेले कागद मागितल्याप्रमाणे गेले असते. मी मशीनचं झाकण उघडून किती वेळ उभी होते माहीत नाही. कोणीतरी विचारलं, बिघडलंय का? मी झाकण लावलं आणि मार्गरेटच्या खोलीत जाऊन पहिल्यांदा त्यांना नावाने हाक मारली.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तू आम्हाला मराठी नीट येत नाही असं का सांगितलंस?" त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, बस आणि तिने त्या दिवशी काय सांगितलं ते सगळं लिही. तिच्या भाषेत लिही, खाली इंग्रजी लिही, शपथेवर सही कर. आणि हे बोर्डापुढे न्यावं लागेल.

मी त्यांना विनंती केली, की त्या मंगळवारचं इतिवृत्त दुसऱ्या कोणी लिहावं. त्या म्हणाल्या, नाही, तूच लिही.

केस नंबरानेच आली. नंबर ऐकून काकांना काही कळलं नाही. माझं प्रतिज्ञापत्र मार्गरेटनी वाचायला घेतल्यावर कळलं. ते शेवटपर्यंत ताठ बसून होते. मग म्हणाले, की मी एक घर वाचवायचा प्रयत्न केला. आमच्या समाजात या गोष्टी घरातली वडीलधारी माणसं मिटवतात. मिसेस बूशे जाग्या होत्या.

मग वॉल्टर म्हणाले, "डॉक्टर, ती इथे आली होती हे तिच्या नवऱ्याला कोणी सांगितलं?"

काका म्हणाले, मीच. त्याच्याशी बोलायचं तर सांगायलाच हवं होतं.

वॉल्टरनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या संध्याकाळी नियम झाला: बोर्डावरच्या कोणीही क्लायंटला भेटायचं नाही, दुभाषाही व्हायचं नाही. इतिवृत्तात मी पहिल्यांदाच कोण काय बोललं ते नावानिशी लिहिलं आणि मार्गरेटनी ते तसंच ठेवलं.

पार्किंग लॉटमध्ये काका गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. मी पुढे गेले.

"तू मला आधी सांगायचंस," ते म्हणाले. "घरी यायचंस. इतक्या लोकांत वाचायला लावलंस."

मी म्हटलं, चुकलं.

"आणि तू? तू होतीस ना शेजारी? तेव्हा का नाही म्हणालीस, काका, हे चुकतंय?"

मी म्हटलं, तुमचा मान राखायचा म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. तुम्ही यायच्या आधीच तिने मला विचारलं होतं, मराठी का. आणि मला ते कळलंच नाही असं मी दाखवलं.

काका खरवडायचे थांबले. मला वाटतं, त्या संध्याकाळी त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते हे. "अगं पण का?" ते म्हणाले. मग उत्तराची वाट न बघता गाडीत बसले. मुदत संपल्यावर ते बोर्डावर परत उभे राहिले नाहीत. अजून एअरपोर्टवर मुलांना आणायला जातात. आईकडे येतात, लोणचं घेऊन जातात, माझ्याशी नीट बोलतात. हा लेख लिहितेय हे मी त्यांना सांगितलं. म्हणाले, लिही; माझी बाजूही लिही. ती मी वर लिहिली आहे. मुलगी काढून घेतात हे त्यांनी खरंच कुठेतरी पाहिलं होतं आणि त्याची त्यांना खरंच भीती होती.

वर्षभराने मी ती नोकरी सोडून एका शाळेच्या ऑफिसात लागले. पगारी नोकराला बोर्डावर बसता येत नाही. मी नोकर राहिले नाही तेव्हा मार्गरेटनी काकांची रिकामी जागा मला विचारली. बोर्डाला एक भारतीय माणूस हवं होतं आणि मी त्यांच्या ओळखीची एवढी एकच. मी हो म्हटलं. माहितीपत्रकात माझा फोटो आहे. खाली मी लिहून दिलं आहे, समाजाने दिलं ते परत करण्यासाठी. दुसऱ्या एका मुलीने ते माझ्याकडून घेतलं. ती फार बोलत होती, मला कोट चढवताना काही सांगायची गरज पडली नाही.

तेव्हा काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. काही देत नाहीत. बाकीचे अकरा जण आपापल्या कारणाने येतात, त्यातली काही फार चांगली आहेत. मी येते कारण त्या बोर्डाने दुभाष्यांची एक यादी केली आहे, त्यात चार मराठी नावं आहेत, आणि ती यादी अजून चालू आहे ना, फोन नंबर बरोबर आहेत ना, हे दर तीन महिन्यांनी मी बघते. यात समाजसेवा किती आहे मला सांगता येणार नाही. मला ते न बघता चैन पडत नाही.

एक गोष्ट मी वर टाळली आहे. ती सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

प्रतिज्ञापत्र पाठवण्याआधी वकीलबाईंनी एक अट घातली होती. मी जे मराठीत लिहिलंय ते फोनवर कुसुमला वाचून दाखवायचं आणि बरोबर आहे का विचारायचं. मार्गरेटनी मला त्यांच्या खोलीत बसवलं आणि त्या बाहेर गेल्या. पलीकडून कुसुम बोलली. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "माहितीये. वाचा."

माझं मराठी अक्षर मलाच नीट लागत नव्हतं. चावी, कचरा, दार, पासपोर्ट, पत्रं, हात. तिच्या मागे लहान मुलगी इंग्रजीत काहीतरी मागत होती आणि ती तिला मराठीत, थांब, म्हणत होती. शेवटचं वाक्य मी वाचलं, 'मला परत पाठवू नका.' आणि विचारलं, बरोबर आहे का?

"एक राहिलंय," ती म्हणाली.

"काय?"

"आज. आज मला परत पाठवू नका, असं म्हणाले होते मी. तुम्ही आज लिहिलं नाहीत."

मी पेन उचललं.

"उद्याचं मी बघितलं असतं," ती म्हणाली. "एक दिवस मागत होते मी तुमच्याकडे."

मी तो शब्द वर, ओळींच्या मधे लिहिला आणि शेजारी सही केली. विचारलं, अजून काही?

"नाही," ती म्हणाली. "आता पहिल्यापासून परत वाचा."

मी पहिल्यापासून वाचायला लागले.